परतायचं तर मुलीची इयत्ता बघून

प्रश्न : आम्ही गेली बारा वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नवरा एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे, कायम वास्तव्यासाठी मालकाने केलेला आय-१४० अर्ज मंजूर आहे, पण ग्रीन कार्डची रांग कधी सरकेल ते कुणालाच सांगता येत नाही. मी एच-४वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, नोकरी करते. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. तिचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) २०१५ सालचं. मुलाचा जन्म सप्टेंबर २०२१चा, त्याचं कार्ड २०२२चं. मुलीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं. धाकटाही त्याच वाटेवर आहे. सासू-सासरे पुण्याला, दोघंही सत्तरीच्या पुढे. मला वाटतं मुलांनी आपल्या माणसांत वाढावं. नवरा म्हणतो, दोन वर्षं जाऊन बघू, नाही जमलं तर परत येऊ. विषय निघाला की मुलगी खोलीचं दार लावून घेते. कधी कधी वाटतं, मुलांना घेऊन सरळ निघून यावं, हा येईल मागून. मुलांसाठी काय बरं, इथे की तिथे?

उत्तर : तुमच्या पत्रात बऱ्याच गोष्टी आहेत, पण निर्णय ज्यावर ठरेल तो आकडा एकच. मुलगी सहावीत आहे. धाकटा साडेचार वर्षांचा; तो कुठल्याही शाळेत लवकर रुळेल, त्याच्यासाठी तुमच्या हातात पाच-सहा वर्षं आहेत. मुलीसाठी जेमतेम दीड वर्ष आहे.

भारतात नववी-दहावी मिळून एक अभ्यासक्रम असतो आणि अकरावी-बारावी मिळून दुसरा. सीबीएसईत दहावीला किंवा बारावीला थेट प्रवेश जवळजवळ मिळतच नाही, आणि परदेशी शाळेतून नववीत किंवा अकरावीत येणाऱ्या मुलासाठी शाळेला मंडळाकडे जावं लागतं. म्हणून तुमच्यापुढे दोनच तारखा आहेत: जून २०२६ला सातवी, नाहीतर जून २०२७ला आठवी. आठवीत आली तरी मार्च २०३०च्या बोर्डाआधी तिला पावणेतीन वर्षं मिळतात. त्यातलं पहिलं वर्ष रुळण्यातच जाईल असं धरून चाला. २०२८ला एकदम नववीत आणू नका. त्या वर्षी भौतिक, रसायन, जीवशास्त्र तिन्ही एकाच वेळी सुरू असतं (तिकडच्या हायस्कूलमध्ये साधारण एका वर्षी एक विषय), वर भाषा नव्या, मैत्रिणी सुटलेल्या आणि घरातल्या प्रत्येक पाहुण्याच्या तोंडी 'आता पुढच्या वर्षी दहावी'. हुशार मुलंही यात दमतात.

२०२७ हुकलं तर पुढची बरी वेळ थेट २०३२ची. तेव्हा मुलगी तिथली बारावी संपवेल आणि मुलगा पावणेअकरा वर्षांचा असेल, म्हणजे आज मुलगी आहे जवळपास तेवढाच. त्याला घेऊन तुम्ही परतू शकता, मुलगी कॉलेजला तिकडे राहील. ही वाट बहुतेक घरांत विचारातही घेतली जात नाही, कारण परतणं म्हणजे सगळ्यांनी एकाच विमानात बसणं असं डोक्यात पक्कं झालेलं असतं.

आणि तिकडे राहणं म्हणजे स्थैर्य, असंही समजू नका. एच-१बीवरची नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात. ते साठ दिवस मुलीच्या दहावीच्या मधोमध आले तर काय, याचा कागदावर आराखडा आजच असायला हवा. तशी वेळ आलीच तर केंब्रिजची आयजीसीएसई किंवा आयबी असा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम असलेली शाळा शोधा. तिथे अमेरिकेतून मधेच आलेलं मूल सामावून घेणं तुलनेने सोपं जातं. फी मात्र लाखांत असते आणि दर वर्षी वाढते. दुसरा पर्याय म्हणजे मुलगी अमेरिकेची नागरिक असल्याने एखाद्या जवळच्या नातेवाइकाकडे राहून तिथलंच वर्ष पूर्ण करणं. त्यासाठी पालकत्वाचे कागद वकिलाकडून आधी करून ठेवावे लागतात, विमानतळावर जाताना होत नाहीत.

आता नवऱ्याच्या 'दोन वर्षं बघू'बद्दल. ऐकायला हा समंजस तोडगा वाटतो. मुलांच्या बाजूने बघितला तर सगळ्यात वाईट पर्याय हाच आहे. दोन वर्षं बघायची आहेत हे मुलीला कळलं, आणि ते कळतंच, की ती इथे मुक्कामाला आल्यासारखी वागते. मराठी-हिंदीत मेहनत घेत नाही, कारण पुढे लागणार नाही. मैत्री करत नाही, कारण सोडायची आहे. प्रत्येक वाईट दिवसानंतर 'आपण कधी जायचं' हा प्रश्न येतो, आणि आईवडील आपसांत तोच वाद घालत असतात. वरून २०२८ला परत गेलात तर ती तिकडच्या हायस्कूलमध्ये नवखी म्हणून जाणार. दोन उन्मळणी, दोन्ही चुकीच्या वयात. याशिवाय 'परत येऊ' हे वाटतं तेवढं हातात नाही. आय-१४० मंजूर असल्याने प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा, टिकते, ते ठीक. पण सप्टेंबर २०२५पासून अमेरिकेबाहेर असलेल्या आणि चालू एच-१बी व्हिसा नसलेल्या माणसासाठी नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं आहे. किती मालक ते भरतील? हे नियम पुढेही बदलतील, तेव्हा निघण्याआधी इमिग्रेशन वकिलाकडे तासभर बसा. मुलगी २०३५मध्ये एकवीस वर्षांची झाली की ती तुमच्यासाठी अर्ज करू शकेल, त्याला रांग नसते. अट एवढीच की तोवर ती तिकडे स्थायिक असायला हवी. इतक्या लांबच्या आशेवर मात्र आजचा निर्णय टेकवू नका.

बघायचंच असेल तर आधी बघा, आणि पावसाळ्यात बघा. लोक डिसेंबरात येतात, थंडी असते, लग्नं असतात, सगळे सुट्टी काढून भेटतात, आणि मग हेच आपलं आयुष्य असेल असं वाटू लागतं. न्यू जर्सीच्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुटतात. महाराष्ट्रात तोवर शाळा सुरू झालेल्या असतात. म्हणजे जुलैत आलात तर चुलत-मावस भावंडं शाळेत, आत्या कामावर, रस्त्यात पाणी, रिक्षा मिळत नाही, संध्याकाळी सातला क्लासहून आलेली मुलं. तो महिना खरा. सहा आठवडे या. सासरी पाहुणे म्हणून पूर्ण वेळ राहू नका. जिथे घर घ्यायचा विचार आहे त्या भागात महिनाभराचं भाड्याचं घर घ्या, एकाने तिथून लांबून काम करून बघा. मुलीला दोन-तीन शाळांत काही दिवस बसू देता का, असं मुख्याध्यापकांना लेखी विचारा. छोट्या शाळा बहुधा हो म्हणतात. ज्या शाळा थेट नाही म्हणतात, त्या का नाही म्हणाल्या तेही ऐका, त्यातूनही बरंच कळतं.

शाळेला काय विचारायचं? निकाल आणि इमारत सगळे विचारतात, ते सोडून द्या. विचारा की गेल्या दोन वर्षांत परदेशातून आलेली किती मुलं घेतली आणि त्यातली किती टिकली. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी सगळ्या मंडळांच्या शाळांत अनिवार्य आहे. तेव्हा सातवीत अक्षरओळख नसलेली मुलगी आली तर मराठी कोण शिकवणार, कुठल्या पुस्तकातून आणि पहिल्या वर्षी तिची परीक्षा कशी घेणार, हे लिहून घ्या. सीबीएसईत सहावी ते आठवी बहुधा हिंदीही असते, म्हणजे एकाच लिपीत दोन नव्या भाषा. शिक्षा कशी करतात हे स्पष्ट शब्दांत विचारा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने बंदी आहे, पण सगळ्यांसमोर उभं करून बोलणं अजून बऱ्याच वर्गांत चालतं आणि तिकडून आलेल्या मुलाला त्याचाच धक्का सगळ्यात मोठा बसतो.

अभ्यासात मुलं कुठे अडतात ते पालकांना सहसा उलटं वाटतं. गणित जड जाईल म्हणून क्लास लावतात. अडचण असते लिहिण्याची. तिकडे बरंचसं काम टाइप करून होतं, इथे बोर्डाचा पेपर तीन तास हाताने लिहायचा असतो आणि कॅल्क्युलेटर चालत नाही. उत्तर येतं, पण पेपर पुरा होत नाही. आजपासून रोज वीस मिनिटं सलग लिहायची सवय लावा, महिन्याला पाच मिनिटं वाढवा, रेघी वही आणि शाईचं पेन. पाढे पंधरापर्यंत तोंडपाठ. लाख-कोटीची मांडणी आणि स्वल्पविरामाच्या जागा, सेल्सिअस, किलोमीटर, आधी दिवस मग महिना अशी तारीख. क्षुल्लक वाटतं, पण पहिल्या चाचणीत गुण इथेच जातात आणि मुलगी स्वतःला ढ समजू लागते.

धाकट्याचं एक सांगायला हवं, कारण ते फार थोड्या पालकांना माहीत असतं. ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेनुसार ओसीआय मुलं नीट, जेईई देऊ शकतात, पण प्रवेश फक्त एनआरआय किंवा वाढीव जागांवर. भारतीय नागरिकांसाठीच्या जागा त्यांना नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३मध्ये ही अट पुढच्या काळासाठीच लागू ठरवली, म्हणजे ४ मार्च २०२१नंतर परदेशात जन्मून ओसीआय घेणाऱ्यांना. तुमच्या मुलीचं कार्ड २०१५चं, तिला जुना हक्क आहे. मुलगा सप्टेंबर २०२१चा, त्याला नाही. एकाच घरात दोन मुलं, दोन नियम. त्याला इथे डॉक्टर व्हायचं असेल तर एनआरआय कोट्याची फी धरून हिशेब करा. अठरानंतर अमेरिकेचं नागरिकत्व सोडून भारताचं घेता येतं (ओसीआयची पाच वर्षं आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य लागतं), पण तोवर बारावी होऊन गेलेली असते. मुलीलाही राज्याच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून व्हावी लागतात आणि अधिवासाचे कागद वेगळे. पुन्हा २०२७च.

उलट बाजूने, दोघांनाही पुढे अमेरिकेत शिकायचं असेल तर इथली बारावी अडसर होत नाही. नागरिक म्हणून तिथल्या केंद्र सरकारची आर्थिक मदत त्यांना मागता येते. पण पालक पुण्यात असतील तर सरकारी विद्यापीठात राज्यातल्या रहिवाशांची कमी फी मिळणार नाही, बाहेरच्यांची भरावी लागेल. फरक मोठा असतो, तो आत्ताच मांडून बघा.

आता मराठीबद्दल. आपल्या माणसांत वाढतील म्हणजे मराठी आपोआप येईल, हा भरवसा ठेवू नका. पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांत खाली खेळणारी मुलं हिंदी-इंग्रजीत खेळतात, सीबीएसईच्या मधल्या सुट्टीतही तेच. मराठी येईल ती आजीकडून, कामाला येणाऱ्या मावशींकडून, रिक्षावाल्याशी बोलून, आणि तुमच्याकडून. म्हणजे जे काम तिथे करत नाही ते इथे आल्यावर सुरू होईल असं नाही. इथे फक्त त्याला चार माणसं जास्त मिळतात. त्या चार माणसांचा फायदा खरा आहे, तो कमी लेखू नका, पण त्यासाठी सासरपासून पंधरा मिनिटांवर घर हवं. वाकडच्या टोकाला घर घेऊन कोथरूडच्या आजीकडून मराठी येणार नाही.

मुलगी इंग्रजीत उत्तर देते तेव्हा 'मराठीत बोल' म्हणू नका. तिला तो प्रत्येक वेळी नापासाचा शेरा वाटतो आणि ती बोलणंच कमी करते. ती जे म्हणाली ते तुम्ही मराठीत म्हणा आणि गप्पा पुढे न्या. जिथे मराठीवाचून काम अडतं अशा जागा तयार करा. आठवड्यातून दोनदा आजीला एकटीने फोन, आणि त्यात काहीतरी काम: एखाद्या पदार्थाची कृती लिहून घ्यायची, आजीच्या लहानपणीची शाळा विचारायची. तुम्ही खोलीत थांबायचं नाही, नाहीतर ती तुमच्याकडे वळून भाषांतर मागते. वाचनाला रोज पंधरा मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस. बाराखडी घोकायला लावू नका. आधी बिनकान्यामात्रेचे शब्द, मग काना, मग वेलांट्या-उकार, मात्रा, अनुस्वार, आणि जोडाक्षरं अगदी शेवटी. रफाराला वेगळा आठवडा द्या, तिथे सगळेच घसरतात. पुस्तक बालभारतीचं घ्या, पण इतर माध्यमांच्या शाळांसाठी असलेली 'सुलभभारती' मालिका निवडा; पीडीएफ त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सहावीची मुलगी म्हणून सहावीचं पुस्तक उघडलं तर दोन पानांत संपेल सगळं. दुसरीच्या पुस्तकापासून सुरुवात करा आणि लहान मुलांचं पुस्तक दिलं म्हणून तिला लाज वाटू नये यासाठी सोबत तिच्या वयाचं काहीतरी मोठ्याने वाचून दाखवा. असं सहा महिने नेमाने केलं तर ती पाट्या आणि सोपा मजकूर वाचू लागेल. धाकट्याबाबत घाई करा. घरात इंग्रजी शिरतं ते बहुतेक वेळा मोठ्या भावंडाच्या तोंडून, आणि किंडरगार्टन सुरू झाल्यावर ते थांबवणं कठीण जातं. पुढचे काही महिने निदान तुम्ही दोघांनी त्याच्याशी फक्त मराठीच बोला, अगदी रागवायचं झालं तरी.

दार लावून घेणाऱ्या मुलीकडे वळू. अकराव्या वर्षी मुलीला निर्णयात मत असतं, नकाराधिकार नसतो, आणि हे तिला याच शब्दांत सांगितलेलं चालतं. चालत नाही ते हे: निर्णय झालेला असताना 'तुला काय वाटतं' विचारणं. जायचं की नाही हे तुम्ही दोघं ठरवा. कुठली शाळा, खोली कशी, मांजर नेता येईल का, मैत्रिणींशी बोलणं कसं चालू राहील, या गोष्टी तिच्याकडे द्या आणि दिल्यावर मोडू नका. निघण्याआधी निरोपाला पुरेसे आठवडे ठेवा. तिच्या वस्तू कमी करताना तिला विचारल्याशिवाय काहीही दान करू नका.

इथे आल्यावर तिला काय भेटेल याची आधीच कल्पना द्या. उच्चारावरून चिडवतील. नातेवाईक रंग, वजन, केस यांवर तोंडावर बोलतील, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटणार नाही. तुम्ही तिच्या देखत एकदा थांबवलंत तर पुढचं बरंच सुकर होतं. आडनाव विचारून जात काढणारं कुणीतरी भेटेल, शाळेच्या अर्जावर जातीचा रकाना असेल. तिकडे वाढलेल्या मुलाला हे काय आहे तेच कळत नसतं आणि ते वर्गातल्या कुणाकडून तरी अर्धवट ऐकतं. तुम्ही आधी सांगा, सोप्या शब्दांत, लपवाछपवी न करता. चांगल्याही गोष्टी आहेतच: गाडीत बसवून कुणी सोडायची गरज नसते, खाली उतरलं की खेळायला मुलं असतात, चार घरांत हक्काने जाता येतं. पहिला महिना कौतुकात जातो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात पडझड होते, आणि नेमक्या त्या वेळी आईवडिलांची नोकरी-घराची दगदग शिगेला असते. झोप, भूक, शाळेला जाणं यांत दोन आठवड्यांहून जास्त बिघाड दिसला तर शाळेच्या समुपदेशकाची वाट न बघता बालमानसतज्ज्ञ गाठा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे, मराठीत बोलता येतं.

'मुलांना घेऊन सरळ निघून यावं' हे मनात येणं समजू शकतं. करू नका, आणि भांडणात बोलूही नका. नवऱ्याच्या संमतीशिवाय मुलांना कायमचं अमेरिकेबाहेर आणणं हा तिथल्या १९९३च्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मुलांच्या अपहरणाबाबतच्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे वाद झाला तर दोन देशांत दोन खटले वर्षानुवर्षं चालतात आणि मुलं मधे लोंबकळतात. नवऱ्याने वर्षभर मागे राहायचं दोघांच्या मर्जीने ठरलं, तरी ते लेखी आणि नोटरी करून ठेवा. तसाही हा तोडगा आम्हाला पसंत नाही. वर्षाचं दोन होतं, दोनाचं चार, आणि बाबा म्हणजे फोनवरचा माणूस होतो. ठेवायचाच असेल तर शेवटची तारीख आधी लिहा आणि ती पाळली गेली नाही तर काय, तेही.

सासू-सासरे हे परतण्याचं कारण असेल तर ते कारण म्हणूनच मान्य करा, मुलांच्या नावाखाली झाकू नका. सत्तरीपुढच्या माणसांना नातवंडांचा सहवास हवा असतो, साडेचार वर्षांच्या मुलामागे रोज आठ तास धावणं झेपत नाही. पाळणाघराचे पैसे हिशेबात धरा.

निघायचं ठरलं तर कागद. मुलांच्या जन्मदाखल्यांवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणन) ज्या राज्यात जन्म झाला त्या राज्यातून लागतं. इथे आल्यावर ते मिळवताना नाकी नऊ येतात, म्हणून दोन-दोन प्रती करून आणा. शाळेकडून शिक्का आणि सही असलेल्या गुणपत्रकांच्या बंद पाकिटातल्या प्रती घ्या. सोळा वर्षांखालच्या मुलाचा अमेरिकी पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि नव्यासाठी दोन्ही पालकांना मुंबईच्या वाणिज्य दूतावासात हजर राहावं लागतं, नाहीतर गैरहजर पालकाची नोटरी केलेली संमती लागते. नवा पासपोर्ट आला की तीन महिन्यांत त्याची प्रत आणि फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवा. शाळा पहिल्याच दिवशी आधार मागेल; ओसीआय मुलाला ते १८२ दिवस भारतात राहिल्यावर मिळतं, तोवर शाळेला तसं पत्र द्या.

पैशाच्या बाबतीत एकच, पण महागात पडणारी गोष्ट. मुलं अमेरिकी नागरिक आहेत, म्हणजे ती पुण्यात असली तरी तिथल्या करखात्याच्या कक्षेत आहेत. आजोबांनी प्रेमाने नातवाच्या नावावर सुरू केलेली म्युच्युअल फंडाची एसआयपी अमेरिकेच्या कायद्यात पीएफआयसी (एक प्रकारची परदेशी गुंतवणूक कंपनी) ठरते, त्यावरचा कर आणि कागदपत्रं नफ्यापेक्षा जड जातात. मुलाच्या नावावरच्या भारतातल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरहून जास्त रक्कम गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकी अर्ज, भरावा लागतो. मुलीसाठी सुकन्या समृद्धी उघडता येत नाही, ती भारतीय नागरिक मुलींसाठी आहे. आजोबांना म्हणावं, पैसे स्वतःच्या नावावर ठेवा. आणखी एक, लांबचं: मुलांना पुढे आपल्या परदेशात जन्मलेल्या मुलांना अमेरिकी नागरिकत्व द्यायचं असेल आणि जोडीदार नागरिक नसेल, तर स्वतः अमेरिकेत पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. मुलगी कॉलेजला गेली तर तिचं भरेल. मुलाचं आपोआप भरणार नाही. तिकडच्या शाळेचे दाखले, बिलं, प्रवासाच्या नोंदी दोघांच्याही जपून ठेवा.

डॉक्टरांकडून लसीकरणाची पूर्ण नोंद घ्या. टायफॉइडची लस तिकडे नेहमीच्या वेळापत्रकात नसते, ती निघण्याआधी किंवा आल्याबरोबर द्या. क्षयाच्या बीसीजी लसीबद्दल इथल्या बालरोगतज्ज्ञाला विचारा. मुलांना भटक्या कुत्र्यांना हात लावू नका हे पहिल्याच दिवशी शिकवा, आणि चावलंच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात. दोघांपैकी कुणाला एडीएचडीचं (लक्ष न लागणं, अतिचंचलता) औषध चालू असेल तर नाव आत्ताच तपासा: तिकडे सर्रास दिली जाणारी अँफेटामीन गटातली औषधं इथे सहसा मिळत नाहीत, मिथाइलफेनिडेट मिळतं. औषध बदलायचं असेल तर ते तिथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, निघण्याच्या किमान तीन महिने आधी बदला.